रेवडीचे सात बोल

आमच्या घरात डावं-उजवं हे शब्दच नव्हते. जेवताना ठेच्याची वाटी इकडची तिकडे करायची असली तरी बाबा म्हणायचे, “पलट दे तिले,” आणि माय काही न विचारता वाटी फिरवून द्यायची. बाबा चाबूकस्वार होते. हा शब्द आता कोणाला सांगितला तर लोकांना आधी चाबूक दिसतो, पण आमच्या घरी चाबूक नव्हताच. कोऱ्या घोड्या आणायच्या, त्यांना वळायला, फिरायला, नाचायला शिकवायचं आणि लग्नाच्या मोसमात वरातीपुढे उभं करायचं, हे त्यांचं काम. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठापासून दोन गल्ल्या आत आमचं घर होतं. घर दोन खोल्यांचं, अंगण मात्र ऐसपैस. अंगणाच्या मध्यात एक खुंटा, पलीकडे निंबाखाली दुसरा, आणि पहिल्या खुंट्याभोवती टापांनी पडलेलं गोल रिंगण. त्या रिंगणात पावसाळ्यातसुद्धा गवत उगवत नसे.

वळण्याचे बोल सात होते. मोठ्या गोलाला फेर. दोर धरून खुंट्याभोवती काढायच्या लहान गोलाला कावा. चालता चालता उलट दिशेनं फिरायचं म्हणजे पलट. मागचे पाय जागीच ठेवून गर्रकन फिरायचं ती गिरकी. लोक पैसे उधळायचे ते या गिरकीवर. दोन खुंट्यांना आलटून पालटून वळसा घालत जायचं ती वेणी, आणि तोंड समोर ठेवून आडवं सरकत जायचं तो खेकडा. हे सहा. परवा कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन माझ्या अमरावतीच्या घरी आली होती. जुन्या धंद्यांमधले शब्द गोळा करते म्हणाली. मी तिला चहा दिला, चकली दिली आणि हे सहा शब्द नीट उकलून सांगितले. ती खूश झाली. “आणखी काही राहिलं का आजी?” म्हणून तिनं जाताना विचारलं, आणि मी म्हणाले, “नाही.” ती गेल्यावर फाटक लावताना माझ्या लक्षात आलं की हेच उत्तर याच सुरात मी पूर्वीही दिलेलं आहे. म्हणून हे लिहायला बसले.

सातवा बोल थांबण्याचा. गिरकीत शिरलेल्या घोडीला भान राहत नाही, तिला बाहेर काढावं लागतं. त्यासाठी “बस” किंवा “थांब” का नाही वापरत, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले, “वरातीत बस म्हणणारे शंभर, थांब म्हणणारे दोनशे. पिऊन आलेला मामाही म्हणते अन् नवरदेवाचा काकाही म्हणते. घोडीनं कोणाचं आयकावं? तिले असा बोल पायजे का जो वरातीत कोणाच्या तोंडी येनार नाई.” म्हणून प्रत्येक घोडीचा थांबण्याचा बोल वेगळा असायचा, आणि तो बाबा तिला बघून ठरवायचे. रेवडीला त्यांनी पहिल्यांदा नदीच्या वाळूत फिरवलं होतं, तर तिचा बोल ठरला ‘मोर्णा’. तो ऐकला की ती असेल तिथे थांबायची, मान खाली घालायची आणि बाबांच्या डाव्या तळहातावरचा गुळाचा खडा घ्यायची.

रेवडी पांढरी, पण अंगभर बारीक तांबूस ठिपके, तीळ लावलेल्या रेवडीसारखी. ती आली तेव्हा मी सातवीत होते. सकाळी जिनिंगचा भोंगा व्हायच्या आधी बाबा तिला खरारा करायचे. त्या खरखर आवाजानं मला जाग यायची, मग चुलीतल्या पळाट्यांचा, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांचा, तडतड आवाज, मग भाकर थापण्याचा. रात्री भिजवलेले हरभरे तिच्या चंदीसाठी असत. त्यातली एक मूठ मी पळवायची आणि शाळेत जाताना खायची. माय म्हणायची, “पोट्टी हाय का घोडी हाय, कोणाले काय टाकू तेच समजत नाई मले.” लग्नसराईत बाबा वरातीहून परतताना पत्रावळीत बांधून बुंदी आणि वांग्याची भाजी आणायचे. बुंदीतलाही वाटा रेवडीला जायचा. शाळेत गुरुजींनी एकदा गनिमी कावा शिकवला, तेव्हा मी उठून म्हणाले, गुरुजी, कावा आमच्याकडे रोज सकाळी होते, अंगणातच. वर्ग हसला, गुरुजीही हसले. घोड्याचं गोल फिरणं म्हणजेच कावा, हे त्यांना ठाऊक नसावं. मी बसले आणि मनात म्हटलं, यांना एक दिवस दोर धरायला द्यायला पाहिजे.

दोर मी धरायची. बाबांना मुलगा नव्हता, एवढंच त्यामागचं कारण. पण एकदा दोर हातात आल्यावर मला तो सोडवेना. घोडीचा आतला कान आपल्याकडे वळला म्हणजे ती ऐकते आहे, बाहेरचा वळला म्हणजे तिचं चित्त रस्त्यावर आहे, हे मला बाबांनी सांगण्याआधी कळलं होतं. ते खाटेवर बसून ओरडायचे, “रतन, दोर ढिला सोडून रायली तू! खांद्यानं बोल, तोंडानं नंतर.” कधी कौतुक केल्याचं आठवत नाही. पण गल्लीतलं कोणी आलं की त्याला बसवून घ्यायचे आणि मला सांगायचे, “वेणी दाखव.” तेवढं मला पुरायचं. वरातीला मात्र मी कधी गेले नाही. बाबा घोडी घेऊन निघाले की मी रिंगण झाडायची.

माझ्या दहावीच्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांना अंगणातल्या खाटेवर ठेवलं, कारण आत ते डोळे मिटत नव्हते. तोंडातून फक्त “हं” निघायचा, तोही श्वासाबरोबर. सगळं समजत होतं, बोलता येत नव्हतं. मी रोज सकाळी शाळेआधी रेवडीला दोरावर घ्यायची. माझ्या तोंडून ती सातही बोल ऐकायची. तिला आवाज बदलल्याचं काही वाटलं नाही. दोन महिने असे गेले. मग माय एके दिवशी भाकर वाढता वाढता म्हणाली, “घोडी द्या लागते आता.”

मी म्हटलं, “मी नेतो न वरातीत.” आमच्याकडे मुलीही ‘जातो, नेतो’ म्हणायच्या, ती सवय नोकरी लागल्यावर सुटली.

“तू नेतं? अन् मंग तुले सोयरीक कोण आणन? घोडीवाली म्हणतीन सारे.”

“म्हणू दे.”

“घोडी अंगणात उभी ठेवून तिचे पाय सुजून रायले, तुले दिसत नाई काय? तिले काम पायजे. काम तिले गफूरभाऊच देऊ शकते.”

ते खरं होतं म्हणूनच मला राग आला. गफूरचाचा वरूडचे. संत्र्याच्या बागायतदारांच्या लग्नांत त्यांच्या घोड्या असायच्या आणि त्यांच्या दोन घोड्या बाबांनीच शिकवलेल्या होत्या. माणूस सज्जन. बाबांना बघायला आले तेव्हा खाटेशी खाली जमिनीवर बसले होते.

घोडी देण्याची आमच्यात एक रीत होती, तिला बोल देणं म्हणत. घेणारा रिंगणात उभा राहायचा. देणारा दोर धरून एकेक बोल म्हणायचा, घोडी तसं वळायची. मग दोर घेणाऱ्याच्या हातात जायचा, तो तोच बोल म्हणायचा आणि घोडीनं त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं. सगळे बोल झाले की देणाऱ्यानं पाठ फिरवून उभं राहायचं, म्हणजे घोडी जुन्या आवाजाकडे बघत बसत नाही. त्यानंतर पंधरा दिवस घोडी जांगड. म्हणजे तेवढ्या दिवसांत ती नव्या हाताखाली ऐकत नाही असं दिसलं, तर घेणारा तिला परत आणून बांधणार आणि दोघांनीही एकमेकांना नावं ठेवायची नाहीत. मी ही रीत चार-पाचदा पाहिली होती. घोडी परत आलेली कधी पाहिली नव्हती, पण परत येऊ शकते हे माझ्या डोक्यात बसलं.

बाबांना बोलता येत नव्हतं, म्हणून बोल मी द्यायचे ठरले. ज्या पोरीला वरातीत दोर धरता येत नव्हता, तिच्याकडून बोल घ्यायला मात्र कोणाची हरकत नव्हती. गफूरचाचा सकाळच्या एस.टी.नं आले, घोडी न्यायला ठरवलेला टेम्पो मागून येऊन गल्लीच्या तोंडाशी थांबला. मायनं रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती, घरात कार्य असल्यासारखी. मी रेवडीला रिंगणात आणलं. फेर दिला. कावा दिला. पलट, वेणी, खेकडा. चाचा माझ्यामागून हळू आवाजात म्हणायचे आणि ती त्यांचंही ऐकायची, अगदी शहाण्यासारखी. शेवटी गिरकी. ती दोन पायांवर तोल घेऊन फिरली, तीनदा, चारदा, आणि मी काही न म्हणता नुसता दोर ढिला केला, खांदा पाडला, गूळ पुढे धरला. अंगणात, शांततेत, ओळखीच्या माणसासमोर तेवढ्यानंही ती थांबायची. चाचांनीही तसंच केलं आणि ती थांबली.

“थांबवाचा बोल?” चाचांनी विचारलं.

“इले नाई तसा,” मी म्हटलं. “दोर ढिला केला का थांबते.”

खाटेवरून आवाज आला. बाबा डाव्या हातानं खाटेच्या माच्यावर मारत होते. एकदा, दोनदा, मग जोरजोरात. तोंड वाकडं झालेलं, डोळे माझ्यावर. माय धावत गेली. “घोडी चालली म्हणून जीव तुटून रायला त्याइचा,” ती म्हणाली आणि पदरानं त्यांचे डोळे पुसू लागली. गफूरचाचा मान खाली घालून उभे राहिले. त्यांचेही डोळे भरले होते. मायनं थांबण्याच्या बोलाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, तिच्यासाठी मोर्णा म्हणजे नदीच; त्या अंगणात बाबा काय सांगत आहेत हे फक्त मला कळत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग रीतीप्रमाणे पाठ फिरवून उभी राहिले. पाठीमागे टापांचा आवाज फाटकापर्यंत गेला, गल्लीत गेला, नंतर टेम्पोच्या फळीवर चढला.

माझा हिशेब सरळ होता. वरातीत गिरकी घेतली की ती चाचांना आवरणार नाही. दोन-तीन वेळा असं झालं की चाचा म्हणतील, ही घोडी आपल्या हाताची नाही. पंधरा दिवसांच्या आत टेम्पो परत येईल. मी रोज शाळेतून येताना कोपऱ्यावर थांबायची आणि अंगणाकडे कान लावायची. खुंट्याला नवीन दोर बांधून ठेवला होता. यात रेवडीला इजा होऊ शकते हे मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. मी ते बाजूला सारलं होतं.

दहाव्या दिवशी गफूरचाचा एकटे आले. एस.टी.नं, पायी गल्लीतून. उजवा हात गळ्यात बांधलेला आणि डाव्या हातात कापडी पिशवी. ते बाबांच्या खाटेशी खालीच बसले आणि बाबांनाच सगळं सांगितलं. वरूडजवळच्या एका गावात वरात होती. नवरदेव अजून बसायचा होता, आधी घोडीचा नाच. बँडवाल्यांनी जोर धरला, रेवडीनं गिरकी घेतली, लोक खूश झाले. चाचांनी दोर ढिला केला. ती थांबली नाही. ढिला दोर मिळाल्यावर आणखी मोकळी फिरू लागली. लोक बस बस ओरडू लागले, कोणी लगामाला हात घालू लागलं. चाचांनी दोर हाताला गुंडाळून ओढला, त्यात त्यांचं मनगट मोडलं. फिरत फिरत ती रस्त्याच्या कडेला गेली आणि मागचा पाय उघड्या नालीत गेला. गुरांचे डॉक्टर आले, मोडलेला पाय पाहिला आणि शेवटची सुई दिली.

“जांगड होती, पण माह्या हातात गेली, तं माहीच गेली,” चाचा म्हणाले. त्यांनी पिशवीतून तिच्या पायातले घुंगरू काढून खाटेवर ठेवले. मग माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, हे मला आजही नीट आठवतं. “बेटा, एखादा बोल रायला होता काय?”

मी म्हटलं, “नाही.”

बाबांनी या वेळी खाटेवर हात मारला नाही. त्यांनी घुंगरांवर हात ठेवला आणि निंबाकडे बघत राहिले. मायनं चहा आणला. चाचांना एका हातानं चहा बशीत ओतता येत नव्हता, म्हणून मी ओतून दिला. बशी माझ्या हातात जरासुद्धा हलली नाही. मला काहीच वाटत नव्हतं. माणूस अशा वेळी रडतो, निदान पळून तरी जातो. मी बशी विसळून पालथी घातली आणि संध्याकाळच्या भाकरीचं पीठ काढलं. ते बधिरपण नंतर किती दिवस टिकलं असं कोणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. पुढे अमरावतीला शाळेत मी मुलींची कवायत घ्यायची. तीस-पस्तीस वर्षं मैदानावर उभी राहून दाहिने मुड, पीछे मुड, थम. मुली म्हणायच्या, बाईंच्या तोंडावर कधी काही उमटत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी याला शिस्त म्हणायची.

त्या दिवसांत मी अंगण झाडायची. सकाळी झाडायची, शाळेतून आल्यावर झाडायची. घोडी नव्हती, लीद नव्हती, वैरणीची काडी नव्हती, तरी खुंट्याला धरून गोल झाडत जायची, फेऱ्यावर फेरा. पहिल्यांदा माय म्हणाली, बरं काम लागलं पोट्टीले. नंतर ओरडली, “काय उकरून काढून रायली त्या मातीतून?” मी झाडतच राहायची. खराट्याचे ओरखडे एकावर एक पडून रिंगण पुन्हा नव्यासारखं दिसायला लागलं होतं. अभ्यास सुटला होता. जेवायला बसले तरी पाय चालल्यासारखे वाटायचे. बाबा खाटेवरून बघायचे. त्यांची मान माझ्याबरोबर फिरायची, जशी दोरावर घोडी असताना फिरायची.

एका दुपारी माय आत डाळ निवडत होती. मी झाडत होते. किती फेरे झाले होते कोण जाणे. खाटेवरून घशातला आवाज आला, मग ओठ एकमेकांवर आपटल्याचा. मी लक्ष दिलं नाही. मग बाबांनी, दोन तुकड्यांत, वाकड्या जिभेनं, पण अगदी स्पष्ट म्हटलं:

“मोर... णा.”

माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. खराटा हातात, मान खाली. लकवा मारल्यापासून त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द होता. किती दिवसांपासून ते तो जुळवत होते, मला माहीत नाही. मी वर पाहिलं, तर त्यांनी डावा तळहात उघडून खाटेच्या बाहेर धरला होता. हातात काही नव्हतं. त्यांनी मला पकडलं होतं की मला बाहेर काढलं होतं, याचा निकाल मी अजून लावू शकलेले नाही. वाटतं दोन्ही. त्या वेळी एवढंच कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे, आणि त्यांनी ते मायला नाही, गफूरचाचांना नाही, मला सांगितलं आहे.

आतून माय ओरडली, “कोण बोललं? रतन! बोलले काय ते? काय म्हणले?”

मी खराटा खुंट्याला टेकवला. “पाणी,” मी म्हटलं. “पाणी मागून रायले.”

माय डाळीचं सूप टाकून बाहेर आली. तिनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, हसली, रडली, शेजारणीला हाक मारली, पाणी म्हणले हो, पाणी म्हणले. शेवटपर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत राहिली. बाबांना नंतर बरेच शब्द आले. ‘भाकर’ हा शब्द आला, माझं नाव आलं. तो शब्द त्यांनी पुन्हा कधी उच्चारला नाही, आणि मी आज इथे लिहीपर्यंत तो माझ्याकडेच होता.

मायनं मला आत पिटाळलं. मी रांजणातून गडू भरून आणला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना तहान नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्यांनी डाव्या हातानं गडू घेतला, तोंडाला लावला आणि मायकडे नाही, माझ्याकडे बघत तो सगळा गडू पिऊन टाकला.